उरलेल्या तुकड्याविषयी

हुबळी-धारवाडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांवर सामान्य नागरिक म्हणून बसणाऱ्या सदस्यांस,



तुमच्यापैकी एकाशीही माझी ओळख नाही. तुम्ही डॉक्टर नाही, एवढे मात्र मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे पत्र मंत्र्यांना किंवा संचालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरच्या संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, समाजशास्त्र जाणणारा असतो, आणि एक खुर्ची सामान्य नागरिकाची असते. त्या खुर्चीवरच्या माणसाला स्थानिक भाषा आणि इथल्या लोकांच्या रीतीभाती माहीत असाव्यात, त्याने धोका आणि लाभ रुग्णाच्या बाजूने तोलावेत, संमतीपत्र भाषांतरांसह तपासावे, अशी त्या तत्त्वांची अपेक्षा आहे. त्या खोलीत आमच्याकडून बोलणारे तुम्हीच आहात.

सहा वर्षांपूर्वी माझ्या आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला आणि काही महिन्यांत तिथे गाठ झाली. चाळीस वर्षे ती मिश्री लावत होती. आमच्या गावच्या, कलघटगीच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले आणि म्हणाले, उद्याच शहरात जा. कोणत्या शहरातल्या कोणत्या रुग्णालयात गेलो ते लिहीत नाही. तिथल्या सर्जननी आईचा जीव वाचवला, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका रुग्णालयापुरते नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नऊच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. दिवसभराच्या कामाने ते थकलेले होते. कागद चार पानांचा, पुढून इंग्रजी, मागून कानडी, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे फिकट झालेली. माझ्या आईला कानडी अस्खलित बोलता येते. बाजार, देऊळ, शेजारपाजार सगळे तिचे कानडीतच. पण वाचता येते ती फक्त देवनागरी, पोथ्या वाचून वाचून शिकलेली. मराठीत कागद नव्हता. डॉक्टरांनी बोट ठेवले तिथे तिने तीन सह्या केल्या. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे, तरी त्या रात्री मी तो कागद वाचला नाही. सकाळी सातला आईला आत नेणार होते, आणि मला फक्त तेवढेच दिसत होते.

तीन आठवड्यांनी दुसरे मत घेण्यासाठी आईच्या गाठीचे ब्लॉक आणि स्लाइड मुंबईला न्यायचे ठरले. ते मागायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर उघडले आणि सहज बोलून गेला, की ब्लॉक मिळतील, पण फ्रीजरमधला तुकडा मिळणार नाही, तो रिसर्चचा आहे. कसला रिसर्च, हे त्याला माहीत नव्हते. तुमची सही आहे, म्हणाला. घरी येऊन मी तो कागद पहिल्यांदा वाचला. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. काढलेल्या ऊतींपैकी निदानानंतर उरलेला भाग शिक्षण आणि संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही, असा तिचा अर्थ. तिच्या वर भुलीचे धोके होते आणि खाली बिलाची जबाबदारी.

मी आईला सांगितले. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्यातनं काय निघालं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी आजवर तिला देऊ शकलेले नाही.

आपल्याकडे शरीरापासून वेगळे झालेले काहीही कधी नुसते फेकले जात नव्हते. बाळाची नाळ आणि वार परसात पुरत. माझी कुठे पुरली आहे ती जागा आई अजून दाखवते. आमच्या कलघटगीच्या रंगीत लाकडी पाळण्यांची ख्याती सगळ्या उत्तर कर्नाटकात आहे. त्या पाळण्यात वाढलेल्या मुलाचे जावळही शुभ दिवस पाहून, मामाच्या मांडीवर बसवून काढतात आणि ते केस पायदळी येऊ देत नाहीत. दुधाचा दात कुठे टाकायचा याचीही रीत आहे. शेवटी चितेतून अस्थी वेचून पाण्यात सोडतात. या रीतींना कोणी अंधश्रद्धा म्हणेल. मी विज्ञानाची शिक्षिका, तरी मला त्यांत एक शहाणपण दिसते. देहापासून सुटलेला अंश कोणाचा तरी असतो, आणि त्याचे काय करायचे हे त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी ठरवायचे असते.

रुग्णालयात हे ठरवणे आपल्या हातून जाते, आणि बऱ्याच अंशी ते रास्तच आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे काढलेले अवयव आणि ऊती पिवळ्या पिशवीत जातात आणि पुढे जाळल्या जातात. जंतुसंसर्ग टाळायचा तर तसे करावेच लागते. निदानासाठीचा तुकडा मात्र वेगळ्या वाटेने जातो. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, त्यातले पाणी काढून तिथे मेण भरतात आणि मेणाचा एक छोटा ठोकळा तयार होतो. त्यालाच ब्लॉक म्हणतात. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रके जांभळी दिसतात, बाकी गुलाबी. त्या काचेवरच आईचे निदान ठरले. ब्लॉक नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. संशोधनाला ताजा तुकडा हवा असेल तर तो ऑपरेशन थिएटरमधूनच लगोलग गोठवावा लागतो आणि उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो. माझी आई आता सत्तरी ओलांडलेली आहे. तिच्या गालाचा तो तुकडा तिच्यामागे राहील, कदाचित माझ्याही मागे.

कोणी असा समज करून घेऊ नये की मी संशोधनाच्या विरोधात आहे. कमल रणदिवे यांचे नाव मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेली ही मराठी बाई १९४९ मध्ये पीएच. डी. झाली आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकायला गेली. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तिने देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि व. रा. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढवला आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार झाली. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या कातडीच्या गाठींतून हे काम सुरू झाले. जंतूला नाव मिळाले ते संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांचे, आयसीआरसी.

रणदिवे ज्या गाय यांच्याकडे शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय आईच्या गर्भाशयमुखातल्या गाठीच्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढू लागल्या. ती त्याच वर्षी वारली. तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या पेशी पोलिओ लशीच्या चाचणीपासून पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, आणि तिच्या घरच्यांना ते कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने त्या कुटुंबाशी तडजोड केली. या बाईविषयी आज पुष्कळ लिहिले जाते. आपल्याकडच्या अशा देणाऱ्यांविषयी कोणी लिहीत नाही. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधला. जगात तो बाँबे ब्लड ग्रुप या नावाने ओळखला जातो. शहराचे नाव राहिले, शोधणाऱ्यांची नावे राहिली. ज्यांच्या रक्तामुळे हा शोध लागला ती माणसे मात्र कोणाच्या स्मरणात नाहीत.

मराठवाड्याची एक गोष्ट मला तुम्हाला जरा विस्ताराने सांगायची आहे, कारण ती आपल्यासारख्याच बायकांची आहे. १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगटांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती. बायकांच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन त्यांत एचपीव्ही विषाणू आहे का, हे एका गटात पाहिले. दुसऱ्या गटात पेशी काचेवर पसरून तपासल्या, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांची तपासणी केली नाही. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४.

या आकड्यांचे वजन फार मोठे आहे. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे जगाला धाराशिवच्या शेतकरी बायकांमुळे कळले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्हीची तपासणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यांत या बायकांचा वाटा आहे. आणि त्याच आकड्यांत त्या ६४ जणीही आहेत. तपासणीविना ठेवलेल्या बायकांच्या गटावरून पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत कडाक्याचे वाद झाले. एक बाजू म्हणाली, तेव्हा देशात तपासणीची सोयच नव्हती, मग नेहमीच्या परिस्थितीशीच तुलना करणे योग्य. दुसरी बाजू म्हणाली, उपयोगी तपासणी माहीत असताना हजारो बायकांना तिच्याविना ठेवणे गैर. मला दुसऱ्या बाजूचे पटते. पण त्याहून जास्त मला एक साधी गोष्ट सलते. कळंब-तुळजापूरकडच्या किती घरांत आज कोणाला ठाऊक असेल, की आपल्या आजीच्या पेशींनी जगाचा वैद्यकीय नियम बदलायला मदत केली? तिचे नाव छापावे असे मी म्हणत नाही. पण तिच्या गावाला तरी कोणी येऊन हे सांगायला हवे होते.

आमच्या अगदी शेजारचेही उदाहरण आहे. कलघटगी तालुक्यात आणि पलीकडे मुंडगोड, यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. २०११ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिकेतल्या बांटू-भाषक लोकांशी त्यांचे नाते आहे आणि भारतीयांशी त्यांची मिसळ साधारण गेल्या २०० वर्षांतली आहे, असे त्यात दिसले. हा उत्तम अभ्यास आहे आणि त्यावर माझा काहीही आक्षेप नाही. तो वाचताना मला अमेरिकेतल्या हावासुपाई लोकांची आठवण झाली. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या या आदिवासींत मधुमेह फार. १९९० च्या सुमारास ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजाराचे, नात्यातल्या लग्नांचे आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचे अभ्यास झाले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतूनच जन्मले. रक्त मधुमेहासाठी दिले होते, मूळ शोधायला नाही. त्यांनी दावा लावला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. ते रक्त घेऊन ते लोक आपल्या दरीत परतले. आपल्याकडे कोणी असे उरलेले रक्त परत मागितले, तर ते द्यायचे कोणी आणि कसे, हे तुमच्या समितीच्या कागदपत्रांत लिहिले आहे का, ते कृपया पाहा.

आयसीएमआरची तत्त्वे या बाबतीत कच्ची नाहीत. रक्त किंवा ऊती ज्याच्या, मालकी त्याची. संस्था आणि ऊतीसंग्रह फक्त राखणदार, असे त्यांत म्हटले आहे. दिलेला नमुना रुग्ण परत घेऊ शकतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या तुलनेत हे पुढचे पाऊल आहे. तिथे जॉन मूर यांच्या प्लीहेतल्या पेशींवरून त्यांच्या डॉक्टरांनी पेटंट घेतले, तेव्हा १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरांनी आपला स्वार्थ रुग्णाला उघड करायला हवा होता, पण काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी मानता येणार नाही. आपले तत्त्व रुग्णाला मालक म्हणते. मात्र त्याच पुस्तकात दुसऱ्या ठिकाणी एक दार आहे. नाव-पत्ता काढून टाकलेल्या नमुन्यांवर किंवा तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांवर संशोधन करायचे असेल, तर समिती संमतीची अट माफ करू शकते. या दारातूनच बहुतेक तुकडे आत जातात. दार उघडायचे की नाही, हे ठरवणाऱ्यांत तुम्ही आहात.

माफी कधीच देऊ नये, असे मी म्हणत नाही. तीस वर्षांपूर्वीचे ब्लॉक असतील, माणसे वारली किंवा गाव सोडून गेली असतील, शोधूनही सापडणार नसतील, तर माफी समजू शकते. पण गेल्या महिन्यात ऑपरेशन झालेली बाई, जिचा मोबाइल नंबर केसपेपरवर आहे आणि जी पुढच्या मंगळवारी टाके दाखवायला येणार आहे, तिच्या तुकड्यासाठी माफी का मागितली जाते? तिला विचारणे शक्य आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. अशा अर्जाच्या बाजूने तुम्ही हात वर करू नका.

आणि विचारायचे तर कुठे विचारायचे, हाच माझ्या पत्राचा गाभा आहे. ऑपरेशनच्या संमतीपत्रात नको. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. त्या बाईंनी दुर्बिणीने तपासणीपुरती संमती दिली होती आणि भुलीत असताना त्यांचे गर्भाशय काढले गेले. न्यायालयापुढे संशोधनाचा प्रश्न नव्हता. पण उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला पुरत नसेल, तर ती फ्रीजरमधल्या तुकड्याला कशी पुरेल? माझ्या आईने गाठ काढायला सही केली. त्या रात्री ती नाही म्हणू शकत नव्हती. नाही म्हटले तर सकाळचे ऑपरेशन पुढे जाईल, डॉक्टर नाराज होतील, बेड दुसऱ्याला मिळेल, असे तिला वाटले असते. तसे काहीच होणार नव्हते, पण तिला ते कोणी सांगितले नव्हते. तुमच्यापैकी कोणी ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णालयाच्या गादीवर झोपले असेल, तर मला जास्त सांगायला नको.

संशोधक तुम्हाला सांगतील, की ताजा तुकडा थिएटरमधून लगेच गोठवावा लागतो, नंतर विचारून काय उपयोग? अडचण खरी आहे. पण ऑपरेशनची तारीख एका रात्रीत ठरत नाही. आईच्या वेळी तारीख मिळायला बारा दिवस लागले. रक्त, एक्स-रे, हृदयाची तपासणी यांसाठी आम्ही चार वेळा बाह्यरुग्ण विभागात गेलो आणि प्रत्येक वेळी दोन-दोन तास बाकावर बसलो. त्या बाकावर येऊन, सर्जन नसलेल्या कोणी तरी, परिचारिकेने किंवा समाजसेवकाने, वेगळा कागद घेऊन विचारावे. टाके काढताना पुन्हा एकदा विचारावे, की त्या दिवशी हो म्हणालात, आजही हो आहे ना? नको म्हणाली तर तुकडा काढून टाकावा आणि टाकल्याचे तिला सांगावे. एवढेच. प्रत्येक अभ्यासासाठी प्रत्येक रुग्णाला शोधत फिरा, असा हट्ट मी धरत नाही. टप्प्याटप्प्याची संमती आयसीएमआरच्याच तत्त्वांत आहे. फक्त माझ्या आजारावरचा अभ्यास चालेल का, इतर आजारांवरचा चालेल का, जनुकांचा चालेल का, नमुना परदेशी किंवा खासगी कंपनीला दिलेला चालेल का, असे वेगवेगळे चौकोन, आणि प्रत्येकापुढे हो आणि नाही. माझ्या आईने पहिल्या तीन चौकोनांत हो केले असते. चौथ्याला तिने आधी विचारले असते, की त्या कंपनीने औषध काढले तर ते आम्हाला परवडेल का? तुम्हीही समितीत हेच विचारायला हवे.

भाषेबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण हे काम समितीत दुसरे कोणी करणार नाही. आमच्या तालुक्यात कानडी आहे, मराठी आहे, उर्दू आहे, तांड्यांवर लंबाणी आहे, सिद्दींच्या घरात कोकणी-मराठी-कानडीची मिसळ आहे. कागद फक्त इंग्रजी आणि कानडीत काढून स्थानिक भाषेचा रकाना भरला, असे होऊ देऊ नका. मराठी मसुदा करायला एका माणसाचे दोन दिवस लागतील. लंबाणीला स्वतःची लिपी नाही. तिथे कागद पुरेसा नाही, तांड्यावरच्या कोणा बाईच्या आवाजातले रेकॉर्डिंग ऐकवावे लागेल. आणि भाषांतर सोपे हवे. 'अवशिष्ट ऊतींचा अनामिकीकृत वापर' असे लिहिले तर ते मराठी असूनही माझ्या आईला इंग्रजीच. आमच्याकडे बायका म्हणतात, 'तुकडा तपासायला दिलाय.' मग लिहा: तुमचा तुकडा तपासून झाल्यावर थोडा उरेल. तो आम्ही ठेवला तर चालेल का? त्यावर तुमचे नाव नसेल. नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. हे शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत छापा.

आयसीएमआरची ही तत्त्वे कशातून आली, तेही सांगते. दिल्लीत १९७६ ते १९८८ या काळात आयसीएमआरच्याच एका संस्थेने गर्भाशयमुखात बदल दिसलेल्या १,१५८ बायकांवर उपचार न करता तो बदल कर्करोगाकडे कसा जातो, हे पाहत ठेवले होते. लेखी संमती नव्हती. १९९७ मध्ये ते वर्तमानपत्रांतून उघडकीला आले, आणि २००० मध्ये परिषदेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. तुम्ही ज्या पुस्तकाप्रमाणे काम करता त्याच्या मागे त्या बायका आहेत. मालकी रुग्णाची, असे त्या पुस्तकात छापले म्हणून ती आपोआप रुग्णाकडे येत नाही. कोणी तरी बैठकीत बोलावे लागते.

तुमच्या खुर्चीची अडचणही मी समजू शकते. समोर प्राध्यापक, विभागप्रमुख, जाड फाइली, इंग्रजीतली चर्चा. आपण काय बोलणार, असे वाटत असेल. पण त्या खोलीत बाकावर बसलेल्या माणसाचा अनुभव फक्त तुमच्याकडे आहे.

माझ्या तुमच्याकडे तीन विनंत्या आहेत. उरलेल्या तुकड्यांवरच्या संशोधनाचा अर्ज आला, की संमतीचा कागद ऑपरेशनच्या कागदापासून वेगळा आहे का, ते पाहा, आणि नसेल तर अर्ज परत पाठवा. तो कागद मराठीत, कानडीत आणि उर्दूत मोठ्याने वाचून घ्या, आणि ऐकणाऱ्याला कळला नाही तर तोही परत पाठवा. आणि अभ्यास संपल्यावर त्यातून काय निघाले, हे ज्यांनी तुकडे दिले त्यांच्या भाषेत एका पानावर लिहून रुग्णालयाच्या भिंतीवर लावावे, अशी अट प्रत्येक मंजुरीत घाला. काही निघाले नाही, तर तसेही लिहावे.

आई पुढच्या महिन्यात तपासणीला येईल. तिला देवनागरी वाचता येते. तिच्यासाठी भिंतीवर एक पान लावा.

आपली,
एका रुग्णाची मुलगी
कलघटगी, जि. धारवाड